जीवाश्म ‘वाहून आला’ असे केव्हा म्हणावे? : टाकळीच्या अंतरा-ट्रॅपी थरांच्या निमित्ताने

खांब (ता. रोहा) परिसरात पायाखाली दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट आहे. त्याच्या पोकळ्यांत वाढलेली गारगोटी झिजून ओढ्याच्या वाळूत येते; म्हणून ती वाळू कोट्यवधी वर्षांपूर्वीची आहे, असे कोणी मानीत नाही. जीवाश्मही याच रीतीने जुन्या थरातून सुटून नव्या थरात पडू शकतो. मात्र ही शक्यता पुष्कळदा पुरावा म्हणून नव्हे, तर पळवाट म्हणून वापरली जाते. अपेक्षित कालाशी न जुळणारा जीवाश्म ‘वाहून आलेला’ ठरविला की वाद मिटतो. पण तेव्हा जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरलेले असते.

नागपूरजवळील टाकळी येथील थर या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या काळात साचलेला हा गाळ आहे. बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये वनस्पति-जीवाश्मांच्या आधारे दक्षिण ट्रॅपचा काल तृतीयक असल्याचा पक्ष मांडला. तो स्वीकारल्यास या थरांतील डायनोसॉरचे अवशेष खालच्या लॅमेटा थरांतून आले, असे म्हणणे भाग पडते. व्हियाने-लियो, जैन व साहनी (अशोक) यांनी १९८७ मध्ये डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे जे वर्णन केले, त्यात लॅमेटा व अंतरा-ट्रॅपी अशा दोन्ही थरांतील नमुने होते. त्यामुळे शंकेला जागा होतीच.

अशा वेळी कडा झिजल्या आहेत का, हे प्रथम पाहिले जाते. ही कसोटी वाटते तितकी भक्कम नाही. कवचाचे हलके तुकडे फारसे न झिजता दूर जातात, असे प्रयोगांत दिसले आहे. उलट त्याच काळातील हाड त्याच किनाऱ्यावर लाटांनी घासले जाऊ शकते. त्याहून बोलका पुरावा पोकळीत भरलेल्या गाळाचा. हाडाच्या आतील गाळ भोवतालच्या थराहून वेगळा असेल, तर ते पूर्वी अन्यत्र गाडले गेले होते. शिवाय मूळ थर त्या वेळी उघडा असावयास हवा. लाव्हाखाली झाकलेला लॅमेटा थर झिजणार कसा? याच्या उलट टोकाला मुंबईतील वरळीच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील बेडूक आहेत. त्यांचे नाजूक सांगाडे जुळलेल्या स्थितीत मिळाले. एकदा खडकात गाडलेला असा सांगाडा पुन्हा उकरला जाऊन अखंड वाहून येणे संभवत नाही.

पुढे लाव्हाचे किरणोत्सर्गी कालमापन व परागकण यांवरून टाकळीचे थर क्रिटेशस कालाच्या अखेरचे ठरले. वाहून येण्याची सबब अनावश्यक झाली. तथापि काल जुळला म्हणून प्रत्येक तुकडा तेथलाच, असेही सिद्ध होत नाही. तो निवाडा प्रत्येक नमुन्याच्या कडा, त्यातील गाळ व सोबतचे जीव पाहूनच द्यावा लागतो. आणि संग्रहासाठी नमुना धुऊन स्वच्छ करताना नेमका तो गाळच आधी नाहीसा होतो.