झडती घेणारे यंत्र आणि न सांगितलेला आकडा

विमानतळावरील ‘बॉडी स्कॅनर’विषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे यंत्र माणसाला उघडे करून पाहते. दुसरा म्हणतो, ज्याच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही त्याने घाबरू नये. यंत्र कसे चालते याचा विचार दोन्ही पक्ष फारसा करीत नाहीत. तो केला, तर वादाची जागाच बदलते.

नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने एप्रिल २०१९ मध्ये देशातील ८४ विमानतळांवर मार्च २०२० पर्यंत ही यंत्रे बसवण्याचा आदेश काढला. मुदत पाळली गेली नाही, हा भाग वेगळा. आदेशामागचे कारण मात्र खरे आहे. आपण ज्या चौकटीतून जातो ती फक्त धातू ओळखते, कारण तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतात. २५ डिसेंबर २००९ रोजी अॅमस्टरडॅमहून डेट्रॉईटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यात मुख्य पदार्थ पीईटीएन होता. तो धातू नसल्याने अशा चौकटीला सापडत नाही.

स्कॅनर दोन प्रकारचे. पहिल्यात शरीरावरून मागे विखुरणारे क्ष-किरण वापरतात. त्याची मात्रा अगदी अल्प, उंचावरील विमानप्रवासात एक-दोन मिनिटांत मिळणाऱ्या वैश्विक किरणांइतकी असते. तरीही युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा यंत्रांना मुभा दिली नाही. दुसऱ्या प्रकारात सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे मिलिमीटर तरंग असतात. ते कापडातून पार होतात आणि पाण्याचा अंश भरपूर असलेल्या त्वचेवरून परततात. त्यांच्या एका फोटॉनची ऊर्जा अणूचे आयनीभवन करण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे एक लक्षांश असते. म्हणून क्ष-किरणांसंबंधीची भीती येथे लागू नाही. भारताने हाच प्रकार निवडला, हे योग्य झाले.

आता खासगीपणाकडे वळू. सुरुवातीच्या यंत्रांत शरीराची आकृती स्पष्ट दिसे व दुसऱ्या खोलीतील कर्मचारी ती पाही. प्रतिमा साठवल्या जाणार नाहीत, असे आश्वासन अमेरिकेत विमानतळांवरील यंत्रांबाबत दिले जात होते. परंतु फ्लॉरिडातील ऑरलँडो येथील एका न्यायालयात बसवलेल्या अशाच यंत्रात सुमारे ३५,००० प्रतिमा साठवलेल्या होत्या, हे २०१० मध्ये उघड झाले. म्हणजे साठवण्याची क्षमता यंत्रात असू शकते. ती वापरायची की नाही हे माणूस ठरवतो. पुढे संगणकप्रणालीच संशयित जागा शोधू लागली आणि पडद्यावर सर्वांसाठी एकच बाहुलीसारखी आकृती दिसू लागली. ही सोय ज्या क्ष-किरण यंत्रांत करता आली नाही, ती २०१३ मध्ये अमेरिकी विमानतळांवरून हटवण्यात आली.

बाहुली आली, म्हणजे प्रश्न मिटला, असे येथे सांगितले जाते. माझा आक्षेप या ठिकाणी आहे. बाहुलीच्या अंगावर खूण उमटली की पुढे काय होते? त्या जागी हाताने झडती घेतली जाते. म्हणजे खासगीपणाचा भंग आता डोळ्याने नव्हे, तर हाताने होतो, आणि तो किती जणांचा होतो हे यंत्राच्या खोट्या इशाऱ्यांवर अवलंबून असते. एक गणित करू. समजा, दिवसाला १०,००० प्रवासी आहेत आणि खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण १० टक्के आहे. तर १,००० निरपराध माणसांच्या अंगाला रोज हात लागेल. प्रमाण एक टक्का असेल, तर १०० जणांच्या. तात्पर्य, खोट्या इशाऱ्याचा आकडा हेच येथे खासगीपणाचे माप आहे.

शिवाय हे इशारे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. जर्मनीत हॅम्बर्ग विमानतळावर २०१०-११ मध्ये चाचणी झाली, तेव्हा कपड्यांच्या घड्यांमुळेही यंत्र वारंवार फसले. घामाने ओले झालेले कापडही त्याला चकवते. आता नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना, निऱ्यांची साडी आणि पागोटे डोळ्यांसमोर आणा. सरासरी आकडा कमी असला, तरी नऊवारी नेसलेल्या आजींसाठी किंवा कृत्रिम अवयव वापरणाऱ्यासाठी तो फार मोठा असू शकतो.

अर्थात, सध्याची पद्धत सन्मानाची आहे असेही नाही. नृत्यांगना व अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर तक्रार केली, की विमानतळावर दर वेळी त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवण्यास सांगितले जाते. सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. चांगले यंत्र अशा प्रवाशांचा त्रास कमी करू शकेल. वाईट यंत्र तो पक्का करील. म्हणून यंत्राला सरसकट विरोध मला मान्य नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. त्यांपैकी नागपूरचे न्या. शरद बोबडे यांनी स्वतंत्र सहमतीचे निकालपत्र लिहिले. या निकालातून आलेली कसोटी अशी: हक्कावर मर्यादा आणताना कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. हे ‘प्रमाण’ आकड्यांवाचून कसे तपासणार? दुसरीकडे, २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सुरक्षेच्या कारणासाठी सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे. तेव्हा केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

स्फोटक नेमके कसे ओळखले जाते हे गुप्त राहो. त्यास हरकत नाही. परंतु खोटे इशारे किती, ते कोणत्या पोशाखांत आणि कोणत्या शरीरांबाबत अधिक, हे जाहीर करण्याने कोणाही घातपात्याचे फावत नाही. प्रत्येक विमानतळाने हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करावा. शिक्षकांनी वरील गणित टक्केवारी बदलून वर्गात अवश्य करून घ्यावे. कोणतेही यंत्र ‘अचूक’ आहे असे कोणी सांगितले, की ‘किती वेळा चुकते आणि कोणाच्या बाबतीत?’ असे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर ती विमानतळाबाहेरही उपयोगी पडेल.