प्रसारणातील निवेदक : सर्वनाम, नाते आणि उत्तरदायित्व

१

मराठीत 'निवेदक' ही संज्ञा दोन स्वतंत्र व्यवहारांत रूढ आहे. कथा-कादंबरीच्या चर्चेत ती कथन करणाऱ्या, संहितेने निर्माण केलेल्या भाषिक केंद्राला लावली जाते. आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या व्यवहारात ती ध्वनिक्षेपकासमोर किंवा कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या हाडामांसाच्या व्यक्तीला लावली जाते. पहिल्या निवेदकाची आपल्याकडे पुष्कळ चिकित्सा झाली आहे. वेन बूथच्या १९६१च्या ग्रंथानंतर लेखक, गर्भित लेखक आणि निवेदक यांच्यात भेद करणे हा कथनमीमांसेचा प्राथमिक पाठच झाला. दुसऱ्या निवेदकाचा विचार मात्र प्रायः आठवणी, मुलाखती आणि मृत्युलेख यांच्या कक्षेत राहिला. आवाजाला 'भारदस्त', 'मधाळ', 'घरगुती' अशी विशेषणे लावली की विषय संपतो. ही विशेषणे चुकीची आहेत असे नाही. परंतु ती आवाजाचे वर्णन करतात, निवेदकाच्या स्थानाचे नाही.

हे स्थान कथनात्म साहित्यातील निवेदकाच्या अगदी उलट आहे. कादंबरीतील निवेदकाला शरीर नसते, पण कथाविश्वापुरते त्याचे शब्द त्याचेच असतात. प्रसारणातील निवेदकाला आवाज, चेहरा, नाव आणि वय असते, पण त्याच्या तोंडचे शब्द बहुधा दुसऱ्याचे असतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९८१मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'फॉर्म्स ऑफ टॉक' या ग्रंथात 'बोलणारा' या वरवर एकसंध वाटणाऱ्या कल्पनेचे तीन घटक केले आहेत. त्यांना आपण मराठीत उच्चारक, रचनाकार आणि उत्तरदायी असे म्हणू. ज्याच्या मुखातून ध्वनी बाहेर पडतो तो उच्चारक. ज्याने शब्द योजले तो रचनाकार. आणि त्या शब्दांनी ज्याची भूमिका बांधली जाते, ज्याला त्याबद्दल जाब विचारता येतो, तो उत्तरदायी. याच ग्रंथाचे अखेरचे प्रकरण रेडिओवरील बोलण्याविषयी आहे, हा योगायोग नव्हे. ही तीन स्थाने सर्वांत ठळकपणे विलग होतात ती प्रसारणातच.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी श्रोत्यांनी अनुभवलेल्या प्रसारणाचा इतिहास या तीन स्थानांच्या मांडणीचा इतिहास म्हणून वाचता येतो. आणि ही मांडणी निवेदकांच्या व्यक्तिमत्त्वात शोधण्यापेक्षा त्यांच्या सर्वनामांत, क्रियापदांत आणि नातेवाचक संबोधनांत शोधणे अधिक फलदायी ठरते.

२

आकाशवाणीच्या मराठी वार्तापत्राचे आरंभवाक्य घेऊ : 'आकाशवाणी. अमुक अमुक आपल्याला बातम्या देत आहे.' इतके परिचित असलेले हे वाक्य व्याकरणदृष्ट्या विलक्षण आहे. बोलणारी व्यक्ती स्वतःचे नाव तृतीय पुरुषी असल्यासारखे उच्चारते. पण तृतीय पुरुषी आदरार्थी वचन आले असते तर क्रियापद 'देत आहेत' असे झाले असते. 'देत आहे' हे रूप मात्र 'मी'लाही चालते आणि 'तो' किंवा 'ती'लाही चालते. शिवाय 'देतो' किंवा 'देते' यांतून प्रकट होणारे लिंगही येथे लोपते. म्हणजे वाक्यात नाव आहे, पण 'मी' आहे की नाही हे व्याकरण सांगत नाही. उच्चारकाची ओळख दिली जाते आणि त्याच क्षणी ती उच्चारकापुरतीच मर्यादित केली जाते. वाक्याच्या अग्रभागी आलेला 'आकाशवाणी' हा शब्द उत्तरदायी कोण ते सांगतो. रचनाकार, म्हणजे वार्ताविभागातील संपादक, पूर्णतः अदृश्य राहतो.

'आपल्याला' या शब्दातही अशीच द्व्यर्थता आहे. मराठीतील 'आपण' हे आदरार्थी द्वितीय पुरुषी सर्वनाम आहे, तसेच ते श्रोत्याला सामावून घेणारे प्रथम पुरुषी अनेकवचनही आहे. बातम्या 'तुम्हांला' दिल्या जातात की 'तुम्हां-आम्हां सर्वांना', हे अनिर्णीत राहते. 'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाच्या शीर्षकातही हीच संदिग्धता काम करते. मुंबई दूरदर्शनच्या शेतीविषयक कार्यक्रमाचे शीर्षक मात्र 'आमची माती आमची माणसं' असे होते. 'आमची' हे सर्वनाम श्रोत्याला वगळते. माती आणि माणसे 'आमची' म्हणणाऱ्याला आपण कोणा दुसऱ्यासमोर, बहुधा शहरासमोर, बोलत आहोत याचे भान असते. एकाच माध्यमसंस्थेत 'आपली' आणि 'आमची' अशी दोन अनेकवचने नांदत होती, आणि त्यांच्यामधली सीमा ही प्रमाणभाषा आणि बोली यांच्यामधली सीमा होती.

येथे एक स्मरणरंजक समज तपासावा लागतो. जुन्या वृत्तनिवेदनातील तटस्थता म्हणजे व्यक्तीचा अभाव, आणि म्हणून ते सर्वांचे, असे मानले जाते. बीबीसीचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील वृत्तनिवेदक १९४०पर्यंत निनावी असत. शत्रूने बनावट बातमीपत्रे दिल्यास खरा आवाज ओळखता यावा, यासाठी युद्धकाळात त्यांनी नाव सांगण्यास सुरुवात केली. नाव आले ते व्यक्तिमहात्म्यासाठी नव्हे, विश्वासार्हतेची खूण म्हणून. परंतु १९४१मध्ये यॉर्कशायरच्या वळणाने बोलणारे विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचू लागले तेव्हा अनेक श्रोत्यांना ते रुचले नाही. ज्याला तटस्थ आवाज समजले जात होते तो एका विशिष्ट वर्गाचा आवाज होता, हे त्या प्रतिक्रियेने उघड केले. मराठीतही वार्तापत्राचे शुद्ध, निःस्वर वाटणारे उच्चारण हे विशिष्ट प्रदेशाच्या आणि विशिष्ट शिक्षणाच्या भाषेचे उच्चारण होते. 'आपल्याला' या सर्वनामाने सर्वांना सामावून घेतले, तरी ज्या जिभेने ते उच्चारले ती सर्वांची नव्हती.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनने या व्यवस्थेला चेहरा दिला. सुरुवातीच्या वृत्तनिवेदिकांत स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे होत्या. भक्ती बर्वे १९७५मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त मंजुळेच्या भूमिकेत उभ्या राहिल्या. शॉच्या 'पिग्मॅलियन'वर बेतलेले हे नाटक बोलीतून प्रमाणभाषेत आणल्या जाणाऱ्या मुलीचे आहे. जो आवाज प्रमाण मराठीचे अधिकृत निवेदन करीत होता, त्याच आवाजाने त्या प्रमाणाची किंमत रंगभूमीवर मोजून दाखविली. हा नियोजित संकेत नसेल. परंतु वृत्तनिवेदिकेची 'स्वाभाविक' भाषा हीदेखील कमावलेली भूमिका आहे, हे यातून वाचता येते.

३

वृत्तनिवेदकाच्या विरुद्ध टोकाला नभोनाट्यातील पात्र असते. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांच्या आवाजांतून पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घराघरांत पोहोचले. येथे 'भावजी' हे नाते कथाविश्वाच्या आत आहे. टेकाडे भावजी मीनावहिनींचे आहेत. श्रोता त्यांचे बोलणे ऐकतो, पण त्याला उद्देशून ते बोललेले नसते. पात्रांवर प्रेम करूनही श्रोत्याला ठाऊक असते की, शब्दांचा रचनाकार लेखक आहे आणि आवाज नटाचा आहे. गॉफमनची तिन्ही स्थाने येथे विलग आहेत आणि विलग असल्याचे सर्वांना मान्य आहे. कल्पिताचा करार तो हाच.

या दोन टोकांमध्ये अमीन सयानी (१९३२-२०२४) यांनी तिसरे स्थान निर्माण केले. हा व्यवहार हिंदुस्तानीतला. पण त्याचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि मराठी घरांतील दोन पिढ्या त्यावर वाढल्या, म्हणून त्याचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. १९५२मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर मर्यादा आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. 'विविध भारती' आली ती १९५७मध्ये.

सयानींचे 'बहनो और भाइयो' हे संबोधन नातेवाचक आहे, आणि त्यात रूढ क्रम उलटवून बहिणींना अग्रस्थान दिले आहे. त्यांची भाषाही घडविलेली होती. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढीत. त्या कामात त्यांनी साहाय्य केले होते. सोप्या हिंदुस्तानीचा तो संस्कार टूथपेस्टच्या प्रायोजित कार्यक्रमात उतरला. गाण्याच्या क्रमांकाला 'पायदान' म्हणणारी ही भाषा सरकारी हिंदीहून वेगळी आणि कोणा एका प्रांताची नसलेली होती. येथे उच्चारक आणि रचनाकार एक झाले. उत्तरदायी मात्र वेगळा राहिला, आणि तो कार्यक्रमाच्या नावातच उघडपणे नोंदलेला होता. आपुलकी निवेदकाची आणि हेतू कंपनीचा, हा भेद श्रोत्याला दर आठवड्याला ऐकू येत असे.

४

खासगी मराठी वाहिन्यांच्या काळात या मांडणीने निर्णायक वळण घेतले. 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम २००४मध्ये सुरू झाला आणि २०२२पर्यंत चालला. त्यात आदेश बांदेकर घरोघरी जात, गृहिणींना 'वहिनी' म्हणत, खेळ घेत आणि विजेतीला पैठणी देत. महाराष्ट्र त्यांना 'भावोजी' म्हणू लागला. टेकाडे भावजींपासून या भावोजींपर्यंतचा प्रवास हा केवळ शब्दाचा प्रवास नाही. पहिले नाते कल्पित पात्रांमधले होते. दुसरे नाते खऱ्या नावाच्या निवेदकाचे खऱ्या घरातील खऱ्या स्त्रीशी जोडलेले आहे. कल्पिताचा करार गेला, पण पात्ररचना राहिली. 'भावोजी' ही भूमिकाच आहे. मात्र ती व्यक्तीच्या नावाला चिकटून वावरते.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६च्या प्रसिद्ध निबंधात प्रेक्षक आणि पडद्यावरील व्यक्ती यांच्यातील एकतर्फी जवळिकीला निकटतेचा आभास मानले. ही उपपत्ती मराठी संदर्भात जशीच्या तशी लागू करणे मला सयुक्तिक वाटत नाही. आपल्याकडे बसथांब्यावरील अनोळखी बाईला 'मावशी' म्हणणे हा आभास नसतो. ती सामाजिक रीत आहे आणि तिच्यात मर्यादेचे वचन गर्भित असते. परपुरुषाला उंबरठ्याच्या आत येऊन स्त्रीशी थट्टामस्करी करता यावी, यासाठी दीर हे नाते आपल्या कुटुंबव्यवस्थेत आधीच उपलब्ध होते. कार्यक्रमाने त्याचा नेमका उपयोग केला. त्याचे फलितही एकेरी नाही. वार्तापत्राच्या 'आपल्याला'मध्ये जी केवळ श्रोती होती, ती येथे आपल्या बोलीत बोलते, उखाणा घेते, घरातल्यांसमोर स्वतःच्या संसाराची हकिगत सांगते. प्रमाणभाषेच्या निवेदनाने जे बोलणे बाहेर ठेवले होते त्याला या नात्याने आत घेतले, ही गोष्ट नाकारून प्रसारणाच्या ऱ्हासाचे गाणे गाणे अन्यायाचे होईल.

तरीही एक प्रश्न उरतो. लौकिक नात्याला दोन बाजू असतात : भावोजी थट्टा करतो, तसा अडीअडचणीला उभाही राहतो, आणि न राहिल्यास त्याला जाब विचारता येतो. प्रसारणातील नाते जवळीक देते, पण जाब विचारण्याची जागा देत नाही. कार्यक्रमाची रचना, त्यातला स्त्रीविषयक दृष्टिकोन, गृहिणीला घरापुरते 'मंत्रिपद' देणारा शीर्षकातला विनोद या सर्वांचे उत्तरदायित्व वाहिनीचे असते. पण वाहिनी बोलत नाही, भावोजी बोलतात. नात्याच्या ऊबेत उत्तरदायी अदृश्य होतो.

५

हीच प्रक्रिया वृत्तक्षेत्रात अधिक गंभीर रूप घेते. वार्तापत्रातील 'देत आहे'ची जागा चर्चासत्रातल्या सूत्रसंचालकाच्या 'मी विचारतोय'ने घेतली, आणि तो 'मी' पुढच्याच वाक्यात 'महाराष्ट्र' किंवा 'जनता' होतो. उच्चारक, रचनाकार आणि उत्तरदायी हे तिन्ही एकाच चेहऱ्यात विलीन झाल्याचे येथे भासविले जाते. प्रत्यक्षात मालकी, संपादकीय निर्णय आणि लिखित मजकूर त्या चेहऱ्यामागे तसेच असतात. याउलट, खासगी एफएम वाहिन्यांना २०११च्या धोरणाने आकाशवाणीची वार्तापत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करण्याची मुभा दिली. त्यामुळे मित्रासारखा एकेरीत गप्पा मारणारा रेडिओ जॉकी आणि 'बातम्या देत आहे' म्हणणारा आवाज एकाच ध्वनिलहरीवर शेजारी येण्याची शक्यता निर्माण झाली. या दोन व्याकरणांतला फरक ऐकू येणे, हाच श्रोत्याचा विवेक होय.

म्हणून जुन्या वार्तापत्राकडून आज घ्यायचे ते त्याचे उच्चारण नव्हे. ते उच्चारण अनेकांना वगळणारे होते. घ्यायचा तो त्याच्या आरंभवाक्यातला भेद : कोण उच्चारतो आणि कोण उत्तर देणार, हे दोन शब्दांनी वेगळे सांगण्याची रीत. बोलींना आत घेणारे आणि तरीही हा भेद राखणारे निवेदन असू शकते काय, हा मराठी प्रसारणापुढील खरा वाङ्मयीन आणि नैतिक प्रश्न आहे. समीक्षेच्या बाजूने त्यासाठी करावयाचे काम प्राथमिक स्वरूपाचे आहे. कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांचे शब्दशः लिप्यंतर करणे, त्यांतील सर्वनामांची, संबोधनांची आणि क्रियारूपांची नोंद घेणे, आणि कादंबरीतील निवेदकाला आपण जो प्रश्न नेमाने विचारतो तोच या दुसऱ्या निवेदकालाही विचारणे : हे कोण बोलत आहे, आणि कोणाच्या वतीने?