रिकाम्या वाळवंटातला बाजार

प्रवासी छायाचित्रकार आपल्या चित्रांविषयी जो मजकूर लिहितो, तो समीक्षेच्या दृष्टीने बेवारस राहिलेला प्रकार आहे. चित्रांची चर्चा छायाचित्रणाचे अभ्यासक करतात, प्रवासवर्णनांची चर्चा साहित्याचे अभ्यासक करतात. चित्रालगतची प्रस्तावना, आठवण किंवा दोन ओळींची टीप मात्र या दोघांच्या मधल्या फटीत पडते. आपण ती निव्वळ माहिती म्हणून वाचतो आणि खरी मानून पुढे जातो. ज्याने चित्र काढले त्याच्यापेक्षा त्याचा अर्थ अधिक कोणाला कळणार, असा आपला समज असतो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. छायाचित्रकार आपल्याला हवे ते चौकटीच्या मध्यभागी ठेवतो. पण भिंग पक्षपात करत नाही, समोर जे जे आले ते ते टिपून ठेवते. त्यामुळे चित्रकाराचे म्हणणे एक आणि चित्राची साक्ष दुसरी, असे पुष्कळदा घडते. विल्फ्रेड थेसिजर या ब्रिटिश प्रवाशाची अरबस्तानातली छायाचित्रे आणि त्यांविषयीचे त्याचे लेखन यांत हे अंतर विशेष स्पष्टपणे दिसते.

थेसिजरचा जन्म १९१० साली आदिस अबाबा येथे झाला. वडील तिथे ब्रिटनचे राजनैतिक प्रतिनिधी होते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याला परिचित असलेले व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड हे त्याचे सख्खे काका. लहानपणी तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. म्हणजे साम्राज्याच्या अगदी आतल्या वर्तुळातला हा माणूस. १९३४ साली त्याने लायका कॅमेरा घेतला. १९४५ मध्ये टोळधाडीचा बंदोबस्त करणाऱ्या ब्रिटिश यंत्रणेने टोळांच्या पैदाशीच्या जागा शोधण्यासाठी त्याला दक्षिण अरबस्तानात पाठवले आणि त्या निमित्ताने १९४६-४७ व १९४७-४८ अशा दोन हिवाळ्यांत त्याने ‘रुब अल् खाली’ हे महावाळवंट उंटांवरून पार केले. बर्ट्रम टॉमस आणि सेंट जॉन फिल्बी यांच्यानंतर हे करणारा तो तिसरा युरोपीय. ‘अरेबियन सँड्स’ हे त्याचे पुस्तक १९५९ साली आले. ‘व्हिजन्स ऑफ अ नोमॅड’ हा छायाचित्रांचा ग्रंथ १९८७ साली. त्याच्या मागे राहिलेल्या सुमारे ३८,००० निगेटिव्ह आज ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत.

या चित्रांविषयी थेसिजर जे सांगतो त्याचा गाभा चेहऱ्यांत आहे. वाळवंट कितीही भव्य असले तरी बदू सोबती नसते, तर हा प्रवास म्हणजे अर्थहीन तपश्चर्या ठरली असती, असे तो ‘अरेबियन सँड्स’मध्ये म्हणतो. रशीद टोळीतले सालिम बिन कबिना आणि सालिम बिन घबैशा हे दोन तरुण त्याच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्याची सर्वांत लक्षात राहणारी व्यक्तिचित्रेही त्यांचीच आहेत. मोकळे सुटलेले केस, उन्हाने बारीक झालेले डोळे, खांद्यावर रायफल, कमरेला काडतुसांचा पट्टा. यात ‘अरब माणसाचा नमुना’ दाखवण्याचा हेतू नाही. महिनोन् महिने एकाच पखालीतले पाणी प्यायलेल्या माणसाने आपल्या सोबत्याकडे पाहिले आहे, हे या चित्रांतून कळते.

या चेहऱ्यांना नावे आहेत, ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. प्रवासी छायाचित्रणातले बहुधा सर्वांत गाजलेले व्यक्तिचित्र म्हणजे स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. १९८५ च्या जूनमध्ये ती ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आली आणि जगभर पोहोचली, पण तिचे नाव शरबत गुला आहे हे जगाला कळायला २००२ साल उजाडले. मधल्या सतरा वर्षांत त्या डोळ्यांविषयी पानेच्या पाने लिहिली गेली, आणि ते सारे लेखन एका निनावी मुलीविषयी होते. या तुलनेत थेसिजरची बाजू भक्कम आहे. तो नाव सांगतो, टोळी सांगतो, स्वभाव सांगतो; बिन कबिनाचे औदार्य सांगतो, तसेच बदूंचा पैशांचा सोसही लपवत नाही. व्यक्तिचित्राच्या बाबतीत त्याचे लेखन आणि त्याचे चित्र बऱ्याच अंशी एकमेकांना धरून आहेत.

बऱ्याच अंशी म्हणायचे ते अशासाठी की, कोणाला चेहरा मिळाला आणि कोणाला नाही हा प्रश्न उरतोच. अरबस्तानातल्या त्याच्या पानांत स्त्रिया फार थोड्या दिसतात. यामागे तिथला रिवाज आहे, परक्या पुरुषाची मर्यादा आहे, हे खरे. पण त्यामुळे बदूंचे जग म्हणजे उंट, बंदुका आणि मैत्री यांवर चालणारे पुरुषांचे जग, असे चित्र वाचकाच्या मनात तयार होते. तंबू विणणारे, शेळ्या राखणारे, पाणी भरणारे हात या जगात होतेच. ते चौकटीबाहेर राहिले म्हणून थेसिजरचे वाळवंट अधिक निखळ, अधिक वीरश्रीयुक्त दिसते. निखळपणाची ही ओढ त्याच्या साऱ्या चिंतनामागे आहे. जगणे जितके खडतर तितका माणूस उमदा, ही त्याची श्रद्धा होती. आणि बाजार हे या श्रद्धेच्या आड येणारे ठिकाण होते.

थेसिजरला बाजार आवडत नसे, असे मात्र नाही. १९४० च्या दशकातल्या दुबईविषयी त्याने आपुलकीने लिहिले आहे: खाडीतली गलबते, सावलीतल्या पेठा, पाय मुडपून बसलेले दुकानदार, घाई नसलेले बोलणे. पण हा बाजार त्याला आवडतो तो जुना म्हणून. त्याच्या लेखी तो भूतकाळाचा उरलेला तुकडा आहे. प्रत्यक्षात बाजारासारखी वर्तमानाला बांधलेली दुसरी जागा नाही. त्या खाडीतल्या गलबतांचा मुंबई-कच्छशी व्यापार होता. आखातातले मोती पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या बाजारात विकले गेले आणि जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसवला तेव्हा आखाती किनाऱ्यावरची घरे उपाशी पडली. तिथे चलन होते ते भारतीय रुपयाचे; १९६० च्या दशकापर्यंत त्या किनाऱ्यावरचा व्यवहार रुपयांतच चाले. तांदूळ आणि सुती कापड समुद्रापलीकडून येई. ज्या पेठेला थेसिजर काळाच्या बाहेरची समजतो, तिचे भाव मुंबईच्या हालचालींवर हलत होते.

एकदा ही गोष्ट ध्यानात आली की व्यक्तिचित्रेही वेगळी दिसू लागतात. बिन घबैशाच्या हातातली रायफल वाळूत उगवलेली नाही. ती कुठल्यातरी दूरच्या कारखान्यातून हस्ते-परहस्ते तिथवर आली आहे. अंगावरचे कापड कुठेतरी मागावर विणले गेले आहे. सोबत्यांना मोबदला द्यायला थेसिजर जे चांदीचे मारिया थेरेसा डॉलर घेऊन निघे, त्यांवर ऑस्ट्रियाच्या राणीची मुद्रा आणि १७८० हे साल असे. जगापासून तुटलेला म्हणून ज्याचे कौतुक करायचे, तो माणूस डोक्याच्या फेट्यापासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत जगाच्या बाजारपेठेशी जोडलेला आहे. थेसिजरच्या लेखनात या वस्तू येतात, पण तपशील म्हणून. चित्रात मात्र त्या चेहऱ्याइतक्याच स्पष्ट आहेत, कारण भिंगाला मुख्य आणि गौण हा भेद ठाऊक नसतो.

पहिल्या प्रवासातला एक प्रसंग याला दुजोरा देतो. वाळूचे प्रचंड डोंगर ओलांडल्यावर शिधा संपला. काही सोबती लिवा या खजुरांच्या वस्त्यांकडे धान्य आणायला गेले आणि थेसिजर बाकीच्यांबरोबर उपाशी पोटी त्यांची वाट पाहत राहिला. भुकेने व्याकूळ होऊन पडलेल्या त्याला मोटारी आणि मालमोटारी आठवतात, आणि तरीही खुर्चीत बसून रेडिओ ऐकण्यापेक्षा इथे उपाशी असणे बरे, असा कौल तो देतो. पुस्तकातला हा अत्यंत प्रामाणिक भाग आहे. पण या चिंतनाचा शेवट कसा होतो? सोबती परततात, त्यांच्याजवळ थोडा गहू आणि हलक्या प्रतीचा खजूर असतो. वाळवंटाने जी कसोटी घेतली तिच्यातून सुटका केली ती वस्तीवरून पैदा केलेल्या धान्याने. निवड करण्याचे स्वातंत्र्य थेसिजरला होते. जे धान्य आणायला गेले, त्यांच्यापुढे खुर्ची आणि रेडिओ हा पर्याय कोणी ठेवलेलाच नव्हता. भुकेचे सौंदर्य आणि भूक यांतला हा फरक त्याच्या चिंतनात येत नाही.

मग उरते ते वाळवंट. ‘रुब अल् खाली’ म्हणजे रिकामा चतुर्थांश. हे नाव बाहेरच्यांचे. तिथले बदू त्याला नुसते ‘रिमाल’, म्हणजे वाळू म्हणतात, असे थेसिजरच नोंदवतो आणि आपल्या पुस्तकाच्या नावातही वाळूच ठेवतो. हा त्याचा विवेक. रिकामे म्हणायला आधी तिथले काही न दिसणे आवश्यक असते. बदूंना त्या वाळूत विहिरी दिसत, कोणत्या उतारावर कधी पाऊस पडला आणि कुठे चारा उगवला असेल हे दिसे, पावलांच्या ठशांवरून उंट आणि त्याचा मालक ओळखू येई. हे सारे थेसिजरने त्यांच्याकडून ऐकले आणि लिहून ठेवले. छायाचित्रांत मात्र ही दाट वस्तीची वाळू पुन्हा रिकामी होते: लांबवर गेलेली लाट, तिच्या कडेवर चार उंट, बाकी आकाश. इथे भूमिका उलटतात. बाजाराच्या बाबतीत चित्र लेखनापेक्षा अधिक बोलते, तर वाळवंटाच्या बाबतीत लेखन चित्रापेक्षा अधिक जाणते. या दोहोंपैकी एकावरच विसंबणारा वाचक म्हणूनच फसतो.

या रिकामेपणाला कृष्णधवल फिल्मचाही हातभार लागला आहे. रंगीत छायाचित्र काढावेसे आपल्याला कधी वाटले नाही, असे थेसिजर सांगतो. रंगचित्रांपेक्षा रेखाटने आवडत असल्याचे कारणही देतो. रेषा हवी असणाऱ्याला वाळवंटासारखा विषय नाही. याच्या नेमकी विरुद्ध बाजू रघुबीर सिंग यांची. जयपूरला जन्मलेल्या या छायाचित्रकाराने आयुष्यभर रंगाची बाजू धरली. राजस्थानवरचे त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये सत्यजित राय यांच्या प्रास्ताविकासह प्रसिद्ध झाले आणि १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’मध्ये त्यांनी आपली भूमिका विस्ताराने मांडली: कृष्णधवल छायाचित्रणात पश्चिमेची एकाकीपणाची, विषादाची जाणीव मुरलेली आहे, भारतीय दृष्टी रंगाला वगळून पाहूच शकत नाही. ही मांडणी अतिव्याप्त आहे, कारण भारतात कृष्णधवल छायाचित्रणाचीही समृद्ध परंपरा आहे. पण थेसिजरपुढे ती ठेवली की एक गोष्ट उघड होते. कृष्णधवल ही केवळ आवड नव्हती. नव्या कापडाचा भडक रंग, डब्यावरचा छाप, विकत आणलेल्या वस्तूची चकाकी हे सारे करड्या छटांत विरघळते आणि १९४८ सालचे चित्र कोणत्याही शतकातले वाटू लागते. सिंग यांच्या चित्रांत रंग ही सोय ठेवत नाही. त्यांच्या १९९४ च्या मुंबईवरील पुस्तकात दुकानांच्या काचा, त्यांतली प्रतिबिंबे, जाहिराती आणि माणसे एकाच चौकटीत एकमेकांना ढकलत असतात. तिथे बाजाराला भूतकाळ म्हणण्याची मुभाच नाही.

हा वाद केवळ सौंदर्यदृष्टीचा राहत नाही, याचे कारण थेसिजरचा विलाप. १९७७ साली तो ओमान आणि अबुधाबीला परतला. बिन कबिना आणि बिन घबैशा त्याला भेटले. पण ते आता मोटारींच्या जगात राहत होते. तेलाच्या पैशाने बदललेला तो प्रदेश त्याला दुःस्वप्नासारखा वाटला. आपण केलेल्या नकाशांनी इतरांची वाट सोपी केली, ही खंतही त्याने व्यक्त केली आहे. नकाशाला लावलेला हा न्याय कॅमेऱ्यालाही लावता येतो. पण त्याहून महत्त्वाचे हे की मोटार आणि दवाखाना यांचे स्वागत करणाऱ्यांत त्याचे जिवलग सोबतीच होते. हरवले ते कोणाचे? ज्याला ते जग निवडता आले आणि सोडताही आले, त्याचे हरवणे आणि ज्याला त्यात जन्मावे लागले, त्याचे सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी वाचकाला हे कळायला लांब जावे लागत नाही. कोकणातल्या कित्येक घरांची डागडुजी आखातात राबलेल्या हातांच्या पैशांतून झाली आहे. त्या घरांना दुबई म्हणजे हरवलेले स्वप्न नाही आणि दुःस्वप्नही नाही. ती दर महिन्याची मनीऑर्डर आहे, आणि तिच्यासाठी दिलेली वर्षेही आहेत.

१९९० मध्ये अबुधाबीत थेसिजरच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि या भेटीनंतर त्याचा सूर निवळला. बदल अटळ होता हे त्याने स्वीकारले. आज त्या देशांत त्याची चित्रे आजोबा-पणजोबांच्या जगाचा ठेवा म्हणून जपली जातात. ज्यांच्या वाडवडिलांचे ते चेहरे आहेत, त्यांना चित्रकाराच्या सिद्धांताशी फारसे कर्तव्य नाही. रायफल कोणती, कापड कुठले, उंट कोणाचा, हा माणूस कोणाचा कोण, असे प्रश्न घेऊन ते चित्रांकडे जाऊ शकतात; म्हणजे थेसिजरने जे गौण मानले, तेच ते आधी पाहतात. थेसिजरचे मोठेपण यात आहे की त्याच्या चित्रांत या प्रश्नांची उत्तरे सापडण्याजोगी शिल्लक आहेत: त्याने नावे लिहून ठेवली आणि चौकट पुसून साफ केली नाही. प्रवासी छायाचित्रकाराचे चिंतन वाचावे, आदराने वाचावे; पण वाचून झाल्यावर पुन्हा चित्राकडे वळावे आणि त्यात दिसणारी कोणती वस्तू आणि कोणते माणूस या मजकुरात आलेच नाही, हे शोधावे. समीक्षेचे काम तिथून सुरू होते.