शंभर टक्के निकाल, पण किती मुलांचा?

दहावीचा निकाल लागला की पेपरात ठरलेली बातमी येते. गोंदिया जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत पहिला कोण, शेवटचा कोण आणि किती शाळांचा निकाल शंभर टक्के. संशोधनाचा प्रस्ताव लिहिणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. "तिरोडा व सालेकसा तालुक्यातील जिल्हा परिषद हायस्कूलच्या गुणवत्तेचा तुलनात्मक अभ्यास" असा विषय घेतात आणि गुणवत्ता म्हणून उत्तीर्णांची टक्केवारी धरतात. माझा आक्षेप त्या धरण्यावर आहे.

आधी पट बघा. समजा एका शाळेत दहावीला २० मुलं आहेत, दुसरीत २००. शिकवणं सारखंच, आणि प्रत्येक मूल पास होण्याची शक्यता ९० टक्के. छोट्या शाळेतली सगळीच्या सगळी मुलं पास होण्याची शक्यता निघते सुमारे १२ टक्के. म्हणजे साधारण आठ वर्षांतून एकदा ती शाळा काही वेगळं न करता "शंभर टक्के" होईल. मोठ्या शाळेत हे जवळपास अशक्य! उलट एक मूल नापास झालं तर छोट्या शाळेचा निकाल ५ टक्क्यांनी पडतो, मोठीचा अर्ध्या टक्क्याने. म्हणून यादीच्या दोन्ही टोकांना छोट्या शाळाच जास्त दिसतात. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने २००७ साली अमेरिकेतल्या शाळांबद्दल हेच दाखवलं होतं.

मग वर्ष बघा. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१० आणि २०२० ला ९५.३०. शिक्षक एका वर्षात बिघडून पुढच्या वर्षी सुधारले का? २०१९ ला भाषांचे अंतर्गत गुण बंद होते, २०२० ला ते परत आले, शिवाय कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही.

आणि छेद कोणता? टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात. नववीतच शाळा सुटलेलं मूल त्यात मोजलं जात नाही. त्यामुळे गळती जास्त असलेली शाळा कागदावर चांगली दिसू शकते.

तुलना जरूर करा. पण २०२१ वगळून चार-पाच वर्षांचे बसलेले आणि पास झालेले आकडे एकत्र करा. प्रत्येक टक्केवारीपुढे पट आणि ती नुसत्या योगायोगाने किती वर-खाली होऊ शकते ते लिहा. नववीला किती मुलं होती, हे यू-डायसच्या माहितीवरून जोडा.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. यादीत तळाला आलेल्या शाळेतून पालक मुलं काढतात, पट आणखी घटतो आणि पुढच्या वर्षीचा आकडा आणखी डगमगतो. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात जवळचं हायस्कूल गेलं तर पुढचं किती किलोमीटरवर आहे, हेही तुमच्या तक्त्यात एका रकान्यात येऊ द्या.