बॉडी कलर

हमरापूरच्या एका कारखान्यात डब्यावर मार्करने दोन शब्द लिहिलेले दिसले: बॉडी कलर. झाकण उघडं होतं. आत पिकल्या पपईच्या गरात दूध कालवावं तसा रंग. डब्याला टेकून एक बाई गौरीच्या मुखवट्याची हनुवटी काचपेपरने घासत बसली होती. मी सहज विचारलं, "कुणाच्या बॉडीचा?"

"देवीच्या," ती म्हणाली. मग स्वतःच्या कोपरापर्यंत पांढरी भुकटी बसलेल्या हाताकडे बघून हसली. "आमच्या बॉडीचा डबा येत नाय."

पेण तालुक्यातल्या मूर्तिकलेबद्दल लिहायचं तर सगळे डोळ्यांपासून सुरुवात करतात. देवधरांसारख्या घराण्यांनी घडवलेल्या पेणच्या शैलीत गणपतीचे डोळे बोलतात, हे खरंच आहे. त्या डोळ्यांसाठीच लोक मुंबईहून, पुण्याहून येतात आणि मूर्ती परदेशातही जातात. मी मात्र डोळ्यांच्या आजूबाजूला जे पसरलेलं असतं, त्या कातडीबद्दल लिहिणार आहे. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात दरवर्षी लाखो मूर्ती तयार होतात. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका बहुतेक आगरी, काही कोळी, काही कातकरी. शेतावर आणि मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबलेल्या घरांतल्या. त्यांच्या हाताखालून निघालेली एकही देवी त्यांच्या रंगाची नसते, हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते त्या डब्यामुळे.

कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. साच्यातून निघालेली मूर्ती वाळली की सांधे बुजवणं, घासणं, पुसणं हे बायकांकडे. सोनेरी दागिने भरणं, खडे चिकटवणं, हल्ली फेटा बांधणं आणि धोतर नेसवणं हेही बायकांकडे. अंगाचा रंग कॉम्प्रेसरच्या गनने मारतो तो बहुधा पुरुष, आणि शेवटी आखणी, म्हणजे डोळे काढणं, हे तर कारखान्यातल्या सर्वांत जाणत्या कारागिराचं काम. आता आखणी करणाऱ्या मुलीही दिसू लागल्या आहेत आणि त्यांचा हात हलका आहे. पण एकंदरीत देवीची कातडी कोणत्या रंगाची असावी, हे ठरतं त्या टप्प्यावर बाईचा हात अजून फारसा पोचलेला नाही.

गनने आणखी एक गोष्ट केली. पावडरचे रंग डिंकात कालवून ब्रशने लावत तेव्हा गालावर, मानेच्या घडीत, बोटांच्या पेरांवर छटा बदलत असे. कारागिराला तिथे थांबावंच लागे. गनला थांबायला वेळ नाही. एका फवाऱ्यात चाळीस चेहरे, आणि चाळीसही चेहरे एकाच डब्यातले. वर पर्लची चमक. गालांवर गुलाबी शेडिंगचा एक झटका. चेहऱ्यावर ना घाम, ना ऊन, ना वय. मोबाइलच्या फिल्टरने तरुण मुलीचा चेहरा जसा दिसतो तसाच हुबेहूब. कोण कुणाची नक्कल करतंय हे सांगणं कठीण, पण नवरात्रातल्या देवीच्या मूर्ती गेल्या काही वर्षांत मालिकेतल्या नायिकांसारख्या होत चालल्या आहेत एवढं नक्की. नाक धारदार, कंबर चिमूटभर, दंड बारीक. ज्या हातांनी महिषासुर मारायचा त्या हातांनी पाण्याची कळशी तरी उचलेल का, असं वाटतं.

यावर कारखानदारांचं उत्तर ठरलेलं असतं. एकाने मला सरळ सांगितलं, "ताई, परंपरा आहे. आणि सावळी गौर केली तर ती गणपती उठेपर्यंत फळीवरच बसून राहील."

दुसरं वाक्य मी मान्य करते. त्याने कर्ज काढून माल भरलेला असतो. पीओपी मूर्ती बनवण्यावर 2025 पर्यंत असलेली बंदी, कोर्टाच्या तारखा, बंदी उठणार की नाही ही तेव्हाची धाकधूक, शाडूचा वाढता भाव आणि वाळायला लागणारे दिवस या सगळ्यात त्याने रंगाचा प्रयोगही स्वतःच्या खिशातून करावा, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण पहिलं वाक्य खोटं आहे.

परंपरा बघायची तर गणपतीच घ्या. अथर्वशीर्षात तो लाल सांगितला आहे, अंगाने, वस्त्राने, गंधाने लाल. घरोघर एकवीस आवर्तनं होतात ती समोर गुलाबी, गुबगुबीत, गोऱ्या बाळासारखी मूर्ती ठेवून, आणि कुणालाही विसंगती जाणवत नाही. गौरीचं तर विचारूच नका. कोकणात जुनी गौर म्हणजे तेरड्याची जुडी, नाहीतर पाणवठ्यावरून मुकाट्याने आणलेले पाच-सात खडे. तेरड्याला कुठलं आलं अंगकांतीचं वर्णन? हिरवा देठ, गुलाबी फूल, वर साडी. माझ्या आजीच्या घरी रोह्याला हीच गौर यायची आणि तिला कुणी 'रंगाने डावी' म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. मुखवट्याची, उभ्या मूर्तीची गौर हौसेने आणि बाजाराने आली. आली त्याला हरकत नाही. पण ती येताना डबा घेऊन आली.

देवळांकडे बघितलं तर गंमत आणखी वाढते. तुळजाभवानी काळ्या पाषाणाची. कोल्हापूरची अंबाबाई काळ्या पाषाणाची. कोकणातल्या कितीतरी गावदेव्या काळ्या दगडाच्या, वर चांदीचे डोळे. आपण पाया पडतो त्या काळ्या देवीच्या आणि भिंतीवर टांगतो ते तिचं गोरं कॅलेंडर. या कॅलेंडरचा मागोवा घेतला की घाटमाथ्यापर्यंत जाता येतं. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी मराठी घरांच्या भिंती व्यापल्या. देवीचा चेहरा एकदा छापला गेला की तो घडवण्याची गरज राहत नाही, उतरवून घेतला की झालं. पेणच्या मुखवट्यांच्या मागे पुराणांपेक्षा त्या छापील चित्रांचा हात मोठा आहे, असं माझं मत आहे.

पुराणांनाही निर्दोष सोडायचं कारण नाही. पार्वती मुळात काळी. शंकराने थट्टेत तिला तसं म्हटलं, ती रागावून तपाला बसली आणि काळी कात टाकून गौरी होऊन परतली, अशी कथा एकाहून अधिक पुराणांत येते. त्या टाकलेल्या कातीतून कौशिकी जन्मली. म्हणजे ज्या देवीला आपण माहेरवाशीण म्हणून भाकरी-भाजीचा नैवेद्य दाखवतो, तिचं नावच नवऱ्याच्या टोमण्यातून आलेलं आहे. मला त्या कथेत गौरीपेक्षा कौशिकीत जास्त रस वाटतो. राक्षस मारायची वेळ आली तेव्हा पुढे झाली ती कौशिकी.

विठोबा मात्र सावळाच हवा. कृष्ण निळा, राम घननीळ. पुरुषाचा काळा रंग मराठी भक्तीने इतका लाडावला की 'सावळा' हा शब्दच प्रेमाचा झाला. बाईच्या वाट्याला आलं ते मोजमाप: गोरी, निमगोरी, गव्हाळ, काळीसावळी, आणि मग आवाज खाली आणून 'तशी नाकीडोळी नीटस आहे हो'. या 'तशी'तच सगळं आलं. जमीन काळी असली की कसदार, तिला आपण काळी आई म्हणतो. मुलगी काळी असली की हुंड्याचा आकडा बदलतो.

रोह्याच्या बाजूला या मोजपट्टीला आणखी एक शब्द जोडलेला आहे. कुंडलिकेच्या, म्हणजे रोह्याच्या खाडीच्या दक्षिणेला जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य होतं, 1948 पर्यंत. आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी इथे आरमार चालवलं, किल्ला राखला, आणि त्या मुलखाला हबसाण म्हणत. त्यातून आमच्या हाती उरला तो एक टोमणा. शाळेत असताना कुरळ्या केसांच्या, काळ्या मुलीला 'हबशी' म्हणायचे. ज्याच्यासमोर मराठे, इंग्रज सगळे थकले त्या किल्ल्याचं नाव आम्ही वहीत लिहायचो आणि त्याच माणसांचं नाव मधल्या सुट्टीत शिवी म्हणून वापरायचो. मला ते नाव चौथीत मिळालं. सातवीत गेलं, कारण माझ्याहून काळी मुलगी वर्गात आली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

ही मोजपट्टी फक्त आमचीच नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1940 च्या आसपास लहान मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच, फरक रंगाचा. चांगली कोणती, वाईट कोणती, विचारलं. कितीतरी काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. 1954 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या तेव्हा हा अभ्यासही समोर होता. टोनी मॉरिसनची 'द ब्लूएस्ट आय' ही 1970 ची कादंबरी निळे डोळे मागणाऱ्या काळ्या मुलीचीच आहे. आणि आमच्या डब्याचा सख्खा भाऊही तिकडेच सापडतो. क्रेयोला कंपनीच्या खडूंच्या पेटीत एका फिकट गुलाबी खडूवर 'फ्लेश', म्हणजे मांस किंवा कातडी, असं छापलेलं असे. 1962 साली त्यांनी ते नाव बदलून 'पीच' केलं. खडू तोच राहिला. पण निदान तो रंग म्हणजेच माणूस, हा दावा तरी मागे घेतला. हमरापुरात तेवढंही अजून झालेलं नाही.

बाकीच्या कलांची स्थिती? सिनेमाने एकदा चांगलं करून दाखवलं होतं. 1977 च्या 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांच्या वाडीतली चिंधी स्मिता पाटीलने केली आणि कॅमेरा तिच्या कातडीवर ऊन पडू देत होता. ते ऊन तिथेच थांबायचं, चमकायचं. ती काळी असल्याची तक्रार ना कथेत होती ना प्रकाशात. चाळीसएक वर्षांनी टीव्हीवर 'रंग माझा वेगळा' आली. विषय सावळ्या मुलीचा होता, हेतूवर शंका नाही, घराघरांत पाहिली गेली. पण नायिका करणाऱ्या गोऱ्या नटीला रोज मेकअपने काळं केलं जायचं. सावळेपणावर मालिका काढायची आणि सावळी नटी घ्यायची नाही, याला काय म्हणावं? त्याच्या थोडं आधी, 2017 च्या अखेरीस, चेन्नईच्या नरेश नील आणि भारद्वाज सुंदर यांनी 'डार्क इज डिव्हाइन' ही छायाचित्रमालिका केली: काळ्या लक्ष्मी, काळ्या सरस्वती. सुंदर काम आहे. तरीही त्यात रंग बदलला आणि नाक, ओठ, कमनीयता जुनीच राहिली, ही माझी कुरकुर. आमच्या कातकरी बाईच्या रुंद नाकाची, दांडग्या खांद्यांची देवी अजून कुणी काढलेली मी पाहिलेली नाही.

मग येतात उपदेशक. 'स्वतःवर प्रेम करा', 'आहात तशा स्वीकारा'. 'फेअर अँड लव्हली'ने 1975 पासून पंचेचाळीस वर्षं धंदा केला आणि 2020 मध्ये 'फेअर'च्या जागी 'ग्लो' लावून मोकळी झाली; आता मुलीनेच मन मोठं करायचं. मला हा सगळा भार उलट्या बाजूला टाकल्यासारखा वाटतो. मी लग्नासाठी रोह्यात फोटो काढायला गेले तेव्हा फोटोवाल्याने न विचारता मला दोन छटा उजळवलं. घरच्यांना फोटो आवडला. बघायला आलेल्या पाहुण्यांनी फोटो हातात धरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि पोहे न संपवता उठले. माझ्या आत्मस्वीकारात काहीही खोट नव्हती. खोट प्रिंटमध्ये होती.

म्हणून माझं म्हणणं मूर्तिकारांशी आहे, मुलींशी नाही. पेणचा कारागीर एका छटेने मूर्ती हसरी करतो, एका रेघेने गंभीर. सावळी कातडी रंगवणं त्याला जड नाही. विठोबा करतो तेव्हा तो ती इतकी छान करतो की कपाळावरच्या गंधाची पांढरी रेघ काळ्यावर उमलून येते. मग तोच हात रखुमाईकडे वळला की डबा का बदलतो? निम्म्या गौरी सावळ्या करा असं मी म्हणत नाही. शंभरातल्या चार करा, त्यांना 'स्पेशल' म्हणून वेगळ्या फळीवर ठेवू नका, भाव तोच लावा. गिऱ्हाईक कदाचित घेणार नाही. पण त्याने निवडावी अशी दुसरी गौर आजवर त्याच्यासमोर ठेवलीच गेली नाही, मग त्याची आवड कळली कुणाला?

गौरी आवाहनाच्या सकाळी मी पेणहून दिव्याच्या गाडीने रोह्याला उतरले. बाजाराच्या तोंडाशी एक कातकरी बाई तेरड्याच्या जुड्या घेऊन बसली होती, मुळांना अजून ओली माती. बाजूला दगडाखाली दाबून ठेवलेले छापील कागदी मुखवटे, सगळे गोरेपान, वाऱ्याने फडफडत. मी एक जुडी उचलली. तिने सवयीने एक मुखवटा ओढून पुढे केला. मी नको म्हटलं.

"तोंड नको?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मग बिनतोंडाची नेता?"

आजीकडे अशीच यायची, मी म्हटलं.

"आमच्यातपण पूर्वी अशीच," ती म्हणाली, आणि जुडीची माती झटकून मला कमी पैशांत दिली, कारण मुखवट्याचे पैसे तिने आधीच धरले होते.