बेडकाचं हृदय 'अपूर्ण' की आपली आकृती?

नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्या बहुतेकांनी बेडकाची अंतर्रचना पहिल्यांदा वाचली ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या जीवशास्त्रात. बेडकावरचा तो भाग चांगलाच आहे. भाषा नेमकी, पचनसंस्थेपासून प्रजननसंस्थेपर्यंतचा क्रम सरळ. माझी तक्रार एकाच जागेबद्दल आहे, पण ती छोटी नाही.

त्याच पुस्तकातलं रक्ताभिसरणाचं प्रकरण उघडा. उभयचरांबद्दल तिथे म्हटलंय की फुप्फुसं आणि त्वचेकडून येणारं ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या ॲट्रियममध्ये येतं, बाकीचं अशुद्ध रक्त उजव्यात, आणि एकाच व्हेंट्रिकलमध्ये दोन्ही मिसळतं. म्हणून हे दुहेरी अभिसरण 'अपूर्ण'.

आता बोट ठेवून शिरांचा माग काढा. फुप्फुसांकडून येणारी शीर डावीकडे जाते, हे बरोबर. पण त्वचेकडची शीर? ती सबक्लेव्हियन शिरेला मिळते, तिथून प्रीकॅव्हल, मग सायनस व्हेनोसस, आणि शेवटी उजवं ॲट्रियम. म्हणजे त्वचेतून घेतलेला ऑक्सिजन उजवीकडे येतो! बेडूक पाण्याखाली बसला असेल तेव्हा फुप्फुसांत नवी हवा येतच नाही. मग 'अशुद्ध' बाजूच जास्त शुद्ध ठरू शकते.

इथे 'अपूर्ण' हा शब्द डळमळतो. पूर्ण पडदा असता तर प्रत्येक फेरीत सगळं रक्त फुप्फुसांतून फिरवावंच लागलं असतं, तिथे हवा असो वा नसो. पडदा नसल्यामुळे बेडूक ते कमी-जास्त करू शकतो. शिवाय रक्त सरसकट मिसळतही नाही. व्हेंट्रिकलच्या आतल्या स्नायूंच्या घड्या आणि कोनसमधली सर्पिल झडप दोन्ही प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे ठेवतात. हा वाद नवा नाही. फॉक्सन यांनी १९५५ मध्येच 'बायॉलॉजिकल रिव्ह्यूज'मध्ये दुहेरी अभिसरणाच्या प्रश्नांचा आढावा घेतला होता.

आपल्या जिल्ह्यात हे नुसतं पुस्तकी राहत नाही. अकोल्यात भंडारदऱ्याकडे धो धो पाऊस, तर कर्जत-जामखेडकडे बेडूक वर्षातला बराच काळ जमिनीखाली. ग्रीष्मनिद्रेत श्वसन त्वचेतून होतं, हे तेच पुस्तक बेडकाच्या भागात सांगतं. मग ते रक्त कुठे जातं, हे श्वसनाचं पान विचारत नाही आणि अभिसरणाचं पान चुकीचं सांगतं. संस्था वेगवेगळ्या पानांवर छापल्या की दुवा हरवतो तो असा.

पूर्वी ट्रेमध्ये बेडूक असायचा, शीर शोधता यायची. यूजीसीने २०१४ मध्ये विच्छेदन बंद केलं. निर्णय योग्यच होता, पण आता आकृती हाच आपला एकमेव बेडूक आहे. त्यामुळे ती तपासण्याची जबाबदारी वाढली.

मुलाखतीत 'बेडकाचं हृदय अपूर्ण का?' असं विचारलं, तर पाठ केलेलं उत्तर देण्याआधी थांबा. आज एक कोरा कागद घ्या, त्वचेपासून हृदयापर्यंतची शीर स्वतः काढा, आणि मग पुस्तकाशी ताडून बघा. छापलेल्या वाक्याला 'हे कुठून आलं?' असं विचारता आलं, की संशोधनाला सुरुवात झालीच म्हणायची.