हकचा विवेक, जिमची बेडी

मार्क ट्वेनच्या १८८४ सालच्या कादंबरीतला हक फिन वाचकांचा फार लाडका. पळालेल्या जिमचा ठावठिकाणा मालकिणीला कळवणारी चिठ्ठी तो फाडतो, नरकात जायलाही तयार होतो. इथे माणुसकी जिंकली, असे त्याचे चाहते म्हणतात. हा प्रसंग मलाही हलवतो. पण हकचा विवेक त्या घडीला काय सांगत असतो? गुलामाला पळायला मदत करणे पाप आहे! धर्माने आणि गावाने त्याच्यात हेच पेरले. जिमवर त्याची माया आहे. गुलामगिरीच चूक, असे तो कुठेच म्हणत नाही.

म्हणूनच पुढे टॉम सॉयर सुटकेचा खेळ मांडतो तेव्हा हक कुरकुरतो आणि सामील होतो. मालकिणीने मरताना जिमला मुक्त केल्याचे टॉमला ठाऊक असते. जिम मात्र बेडीत, उंदीर-सापांच्या संगतीत. ही प्रकरणे लेखकाची चूक म्हणून चाहते सोडून देतात; मला तीच खरी वाटतात.

आपल्या कथांतही सवर्ण नायक दलिताच्या हातचे पाणी पितो आणि वाचक नायकासाठी गहिवरतो. पाणी देणाऱ्याच्या मनात काय चालले होते, हे कुणी विचारले? जिमची कहाणी त्याच्याच तोंडून सांगणारी 'जेम्स' ही कादंबरी पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने लिहिली, ती २०२४ साली.